धनी नसलेली बाई

ईस्टरआधीच्या उपासांत थॉमसिनची आई वारली, आणि इंग्लंडातल्या नॉरिच गावच्या त्यांच्या खोलीत कायद्याच्या लेखी राहण्याजोगं कुणी उरलं नाही. चूल तीच, चरखा तोच, लोकर कातणारे हातही तेच. पण आई विधवा होती, म्हणजे घराची धनीण. लेक एकतीस वर्षांची आणि बिनलग्नाची, म्हणजे कुणाच्याच गणतीत नाही.

"इथला धनी कोण?" कॉन्स्टेबल बर्चमने दारातूनच विचारलं.

"मीच की. मला काय आज ओळखता?"

"ओळखतो म्हणून तर नीट सांगतोय. बाप नाही, नवरा नाही, धनी नाही. सोमवारी मेयरसाहेबांसमोर ये. कुणाच्या तरी घरात चाकरी धर, नाहीतर सुधारगृह आहेच."

सुधारगृहात चाबकाने काय सुधारतात, ते गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. थॉमसिन तडक गाइल्सकडे गेली. धाकटा भाऊ. बाप गेल्यावर रात्रंदिवस कातून तिनेच त्याला वाढवला, विणकराच्या हाताखाली घातला. आता त्याला बायको-पोरं, स्वतःचं घर होतं, म्हणून तो तिच्यापेक्षा मोठा झाला होता.

"एवढंच सांग, की मी तुझ्या आज्ञेत आहे. राहीन माझ्या खोलीतच."

"शपथेवर खोटं बोलू, ताई? त्यापेक्षा इकडेच ये ना. परनेलला चौथ्यांदा दिवस गेलेत, तिलाही हाताखाली कुणी हवंच आहे."

"कधीपर्यंत?"

"कधीपर्यंत काय विचारतेस?" गाइल्सला हसू आलं. "कायमची!"

तो अगदी मनापासून बोलला. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

सोमवारी गाइल्स ठेवणीतला कोट घालून, टोपी हातात धरून उभा राहिला. बहिणीला घरी नेतो म्हणाला. मेयरांनी मान डोलावली. असा भाऊ भाग्याने मिळतो, असंही म्हणाले.

मागे मेणबत्त्या करणारा लडकिन मोलकरीण शोधत उभा होता. त्याच्याकडे उकळत्या चरबीचा वास केसांत मुरतो आणि पोरी वर्षाच्या वर टिकत नाहीत.

"मी लडकिनसाहेबांकडे जाते," थॉमसिन म्हणाली.

सभेत खसखस पिकली. गाइल्सचा चेहरा पडला. "ताई, सख्खा भाऊ जिवंत असताना परक्याची भांडी घासणार? मी काय तुला छळणार होतो?"

"नाही रे," ती म्हणाली. तिला रडू फुटलं, आणि ते तिने लपवलं नाही. "तू कधीच छळला नसतास."

"मग खुळ्यासारखं काय करतेस, बाई?" मेयर वैतागले. "चाकरीचा करार वर्षाचा. पुढच्या ईस्टरला पुन्हा इथेच येऊन उभी राहशील."

"राहीन, साहेब. दर वर्षी राहीन." तिने डोळे पुसले. "पण दर वर्षी कुठे जातेस म्हणून तुम्हाला मला विचारावं तरी लागेल."

कारकुनाने लडकिनचं नाव लिहिलं. गाइल्स टोपी हातात धरून तसाच उभा राहिला.