जांभळ्या ओळी

आमच्या ऑफिसातून घरोघरी नर्स पाठवल्या जातात. कोणाचं ड्रेसिंग, कोणाचं इंजेक्शन, कोणाला नुसतं उठवून बसवायचं. याच्या नोंदी कित्येक वर्षं चार जणांच्या चार कॉम्प्युटरवर चार शीटमध्ये होत्या आणि प्रत्येक शीटच्या तीन प्रती: ‘शेवटची’, ‘खरी शेवटची’ आणि ‘हीच वापरा’. एक ना धड, भाराभर चिंध्या. एकदा एकाच आजोबांकडे दोन नर्स पोचल्या आणि एका आजींकडे एकही नाही, तेव्हा मी साहेबांना म्हटलं, आता हे माझ्यावर सोडा.

पाच महिने खपले. सगळ्यांसाठी एकच ऑनलाइन डेटाबेस. एकाने काही बदललं की दुसऱ्याला तिथल्या तिथे दिसणार, आणि नर्सची वेळ ठरली की घरच्यांना आपोआप मेसेज जाणार. रुग्णाचं नाव, वेळ, सेवा, शेरा. शेरा घालायचा हट्ट माझा. घरच्यांना सगळं कळलं पाहिजे, लपवाछपवी नको, असं मी मीटिंगमध्ये टेबल बडवून सांगितलं होतं.

कुरकुर केली ती एकट्या रंगारीकाकांनी. हे आमचे सगळ्यात जुने कारकून. शीटमधल्या ओळी रंगवायची सवय, म्हणून हे नाव. पिवळी, हिरवी, जांभळी. त्यांची शीट म्हणजे लहान मुलाची चित्रकलेची वही.

“रंगांचं काय करणार आहेस?” त्यांनी विचारलं होतं.

“डेटाबेसला रंग कळत नाहीत, काका. कॉलममध्ये लिहिलेलं तेवढंच येतं.”

“आणि जे लिहिलेलं नाही ते?”

“लिहिलं नाही म्हणजे महत्त्वाचं नाही,” मी म्हटलं. ते वाक्य आठवलं की अजून स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

सोमवारी साडेदहाला मी बटण दाबलं. सगळे माझ्या खुर्चीमागे जमले होते. अकराशे ओळी एका जागी आल्या, मेसेज सुटू लागले आणि मिनिटभरात माझाच फोन वाजला. चाचणीसाठी मी माझा नंबर घालायचे, त्यातलाच एखादा राहिला असेल म्हणून मी हसत तो उघडला.

रुग्णाच्या जागी आईचं नाव होतं.

पत्ता आमच्या घराचा. वेळ उद्या सकाळी अकरा. सेवा: छातीतल्या गाठीच्या जखमेचं ड्रेसिंग. शेरा: कॅन्सर. ऑपरेशन लवकर हवं. रुग्णाने तारीख दोनदा पुढे ढकलली.

मी ते तीनदा वाचलं. दीड तासापूर्वी याच बाईने माझा डबा भरला होता आणि रुमाल विसरले म्हणून जिन्यापर्यंत ओरडत आली होती. मी नऊला घर सोडते. अकराला आमचीच नर्स माझ्याच घरात जात होती, आणि माझ्या नावाने चालणाऱ्या या डेटाबेसमधली ती ओळ मी कधी वाचलीही नव्हती.

काकांनी माझ्या हातातला फोन घेऊन मेसेज वाचला.

“जांभळी ओळ होती ती,” ते म्हणाले.

“जांभळी म्हणजे काय?”

“घरच्यांना सांगायचं नाही. नातेवाइकाचा नंबर फक्त अडीअडचणीला. रुग्णानेच तसं सांगितलेलं असतं.”

“अशा किती आहेत?”

“तेवीस.”

मी मेसेज थांबवले. तोवर त्या तेविसातले नऊ गेले होते. फोन वाजू लागले. कोणाचा तरी मुलगा विचारत होता, बाबांना नक्की काय झालंय. काका पडेल आवाजात एकेकाची माफी मागत होते. चूक माझी होती आणि माफी ते मागत होते. माझं डोकं मात्र आईपाशीच अडकलं होतं. ते फोन ठेवेपर्यंतही मला धीर धरवला नाही.

“रोज माझ्यासमोर बसून जेवता तुम्ही, काका. एका शब्दाने बोलला नाहीत?”

“तिने वचन घेतलं होतं माझ्याकडून.”

“आणि ऑपरेशन? ते का ढकललं?”

काकांनी हातातला फोन खाली ठेवला. “म्हणाली, पोरीचं ते नवीन काम एकदा सुरू होऊ दे. तोवर तिच्या डोक्याला घोर नको.”

सुरू करायची तारीख मी दोनदा पुढे नेली होती. एकदा मेसेजची अक्षरं लहान दिसत होती म्हणून, आणि एकदा मला मांडणी आवडली नाही म्हणून.

माझा फोन पुन्हा वाजला. आई होती.

“झालं का गं सुरू तुझं?”

“झालं,” मी म्हटलं.

“चला, सुटले बाई एकदाची,” ती म्हणाली. “मग आज जरा लवकर ये. बोलायचंय तुझ्याशी.”