ताईंचा हो

"एकशे एकवीस," प्रमोदिनी मोठ्यानं म्हणाली.

"पाणी घ्या दीदी," चित्रकला संस्थेचे सचिव विनय म्हणाले. "सकाळपासून ओरडून राहिल्या तुम्ही."

तिनं पाणी घेतलं. तहान कुठे लागली होती! एकशे चाळीसला अजून एकोणीस चित्रं होती, आणि पेनाचं टोपण काढून लावून, काढून लावून तिनं सैल करून टाकलं होतं.

समोर चार खुर्च्यांवर चार परीक्षक बसले होते. भाऊराव शिपाई एकेक चित्र आणून त्यांच्यापुढे धरायचे, प्रमोदिनी नंबर पुकारायची आणि हात वर व्हायचे. तीन किंवा चार हात म्हणजे चित्र प्रदर्शनात. एकच हात किंवा तोही नाही, म्हणजे परत घरी. चित्र कुणाचं हे परीक्षकांना कळायचं नाही, कारण मागच्या बाजूला लिहिलेल्या नावावर प्रमोदिनी स्वतः खाकी कागदाची पट्टी चिकटवायची. माणसं चित्र बघून नाही, नाव बघून हात वर करतात, असं संस्थेच्या संस्थापकांचं म्हणणं होतं. जबलपुरात जो तो कुणाचा ना कुणाचा मामा लागतो हे पाहता ते काही खोटं नव्हतं.

आणि दोन-दोन हात झाले तर? त्याचीही रीत त्यांनीच घालून दिली होती. प्रदर्शन काही चित्रकारांसाठी नसतं, रस्त्यावरून आत येणाऱ्या माणसासाठी असतं. तेव्हा बरोबरी झाली की चित्रातलं ओ की ठो न कळणाऱ्या एका माणसाला विचारायचं. संस्थेत असा माणूस एकच, नोंदवही सांभाळणारी प्रमोदिनी. गेली एकोणीस वर्षं ती प्रत्येक वेळी "हो" म्हणत आली होती. कुणीतरी कुठेतरी जीव मुठीत धरून बसलं असेल, त्याला नाही म्हणायचं तिच्या जिवावर यायचं. हळूहळू तिला विचारणंही बंद झालं. "ताईंचा हो धरा," विनय म्हणायचे, आणि भाऊराव चित्र उजवीकडच्या भिंतीला टेकवून ठेवायचे.

एकशे चाळीस नंबरचं चित्र तिचं होतं.

कारकुनानं भाग घेऊ नये असा नियम नव्हता. कारकून चित्र काढेल, हे नियम लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसावं. तरी तिनं माहेरचं नाव घातलं होतं, आणि कांचघर मोहल्ल्यातल्या घरून ई-रिक्षात चित्र आणताना ते चादरीत असं गुंडाळलं होतं की रिक्षावाल्यानं दोनदा मागे वळून पाहिलं.

चित्र त्याच खाकी पट्ट्यांचं होतं. निकाल लागला की पट्ट्या सोलून कचऱ्यात जायच्या. प्रमोदिनी त्या पिशवीत भरून घरी न्यायची. काहींवर खालच्या नावांची शाई उलटी उमटलेली असायची. तीन वर्षं तिनं त्या एकावर एक चिकटवल्या, वर रंग दिला, खरवडला, पुन्हा दिला.

घरी ते सगळ्यांना आवडलं. तोच तर वैताग होता! नवरा श्यामसुंदर चहाचा कप खाली ठेवायच्या आधीच "वा!" म्हणाला. सुनेनं फोटो नातेवाइकांना पाठवला आणि पाच मिनिटांत अकोल्यापासून अमरावतीपर्यंत सगळ्यांनी फोनवर फुलं धाडली. चित्र कुणी बघतच नव्हतं, सगळे प्रमोदिनीला बघत होते. तिला न ओळखणाऱ्या माणसांनी एकदा, फक्त एकदाच, त्या चित्राकडे बघावं एवढीच तिची इच्छा होती. चौघांनी नाही म्हटलं तरी चालेल, असं ती महिनाभर स्वतःला सांगत होती. मुळीच चालणार नव्हतं, हे आज सकाळपासून तिला कळत होतं.

चहाच्या सुट्टीत श्यामसुंदरचा फोन आला.

"काय झालं गं?"

"नंबर नाही आला अजून."

"मग इतकी काहून घाबरून राहिली? नाही लागलं तर आपल्या घरी लावू ना. सोफ्याच्या वर जागा आहेच."

"तुम्ही फोन ठेवा आता," ती म्हणाली आणि तिनंच ठेवला. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं हे तिलाही सांगता आलं नसतं.

एकशे अडतीस. एकशे एकोणचाळीस. भाऊराव पुढचं चित्र घ्यायला वाकले आणि पट्ट्या बघून तसेच थांबले. त्या पिशवीत भरायला तेच तर मदत करायचे. त्यांनी प्रमोदिनीकडे एकदा पाहिलं, मग चित्र छातीशी सरळ धरून उभे राहिले.

"एकशे चाळीस," ती म्हणाली.

इतर चित्रांना अर्धं मिनिटही लागत नव्हतं. इथे नागपूरच्या विनताबाई खुर्चीतून उठल्या आणि चित्राच्या अगदी जवळ गेल्या.

"ह्या पट्ट्या काहीतरी लपवून राहिल्या," त्या म्हणाल्या. "मला तर नखानं खरवडून बघावंसं वाटतं."

प्रमोदिनीनं पेनाचं टोपण पुन्हा काढलं. परक्या बाईनं, चित्र कुणाचं ते ठाऊक नसताना, हे म्हटलं होतं.

"अच्छा है, बहुत अच्छा है," भोपाळचे आलोकजी म्हणाले. "पर ये कोने में तुलसी क्यों? बनानेवाला डर गया."

उजव्या कोपऱ्यात छोटंसं तुळशीवृंदावन होतं. कोपरा रिकामा दिसून राहिला, असं श्यामसुंदर म्हणाला होता. तिनं एका दुपारी ते रंगवलं, आणि पुढे दोन दिवस तिला चैन पडली नाही. पण सगळे म्हणाले, आता कसं भरल्यासारखं दिसतं. तिनं राहू दिलं.

विनताबाईंचा हात वर गेला. शेजारच्या मूर्तिकारांचाही गेला. आलोकजींनी हाताची घडी घातली. चौथ्या, दाढीवाल्या परीक्षकांनी नकारार्थी मान हलवली.

"दोन-दोन. चलो, ताईंचा हो धरा," विनय म्हणाले. "पुढचा नंबर घ्या दीदी."

भाऊराव उजव्या भिंतीकडे निघाले.

तिला काहीच करायचं नव्हतं. पुढचा नंबर म्हणायचा होता, बस. एकोणीस वर्षं तिनं कुणाकुणाला हो म्हटलं होतं, मग आपल्यालाच का नाही? पण हा हो म्हणजे पुन्हा घरच्याच माणसाचं "वा" झालं असतं. आणि खरं सांगितलं असतं, हे माझं आहे, मी यात मत देऊ शकत नाही, तर चौघांचेही हात कौतुकानं वर गेले असते. ताईंनी या वयात चित्र काढलं म्हणून टाळ्याही पडल्या असत्या. ते तर सोफ्याच्या वर लावण्याहून वाईट होतं.

"थांबा," ती म्हणाली. "माझा हो नाही आहे."

विनय हसले. "क्या बात है! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. काहून दीदी?"

"ते वृंदावन," ती म्हणाली. पेनाचं टोपण तिच्या मुठीत रुतत होतं. "ते ह्या चित्रातलं नाही आहे. कोणी सांगितलं म्हणून काढलेलं दिसते. रिकामी जागा रिकामी ठेवायची हिंमत नव्हती, तर पाठवायचं नव्हतं."

आलोकजींनी दिवसभरात पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. "दीदी, आप तो पेंटिंग समझती हैं."

"नाही जी. मी नंबर लावते." मग ती भाऊरावांना म्हणाली, "डावीकडे ठेवा."

भाऊराव हलले नाहीत.

"डावीकडे, भाऊराव," ती पुन्हा म्हणाली. तिला रडू येत होतं आणि एकशे एक्केचाळीस पुकारायचं होतं. तिनं ते पुकारलं.

पाच वाजता निवड संपली. टॅक्सीत बसता बसता विनताबाई थांबल्या.

"ताई, घरी परत जाणाऱ्या चित्रांचे फोन तुम्हीच करता ना?"

"हो, मीच करते."

"त्या एकशे चाळीसवाल्याचं नाव नका सांगू मला. फक्त त्याला सांगा, नागपूरच्या एका बाईंचा हात वर होता. ते वृंदावन खरवड आणि पुढच्या वर्षी पाठव म्हणावं."

"सांगते."

"विसरू नका हो. एक नकार आला की माणूस ब्रश ठेवून देतो. मी दोन वर्षं ठेवला होता."

"आजच सांगते," प्रमोदिनी म्हणाली.

टॅक्सी गेल्यावर ती हॉलमध्ये परत आली. विनय हिशेबाला वरच्या खोलीत गेले होते. ती परीक्षकांच्या एका खुर्चीत जाऊन बसली. इतक्या वर्षांत तिथून चित्र कसं दिसतं हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

"भाऊराव, एकशे चाळीस आणा जरा."

 भाऊरावांनी डावीकडच्या चित्रांतून ते बाहेर घेतलं, शर्टाच्या बाहीनं कड पुसली आणि तिच्यासमोर धरून उभे राहिले. दुरून पट्ट्या वेगळ्याच दिसत होत्या. वृंदावन तर डोळ्यांत खुपत होतं. ती बघत राहिली.

बऱ्याच वेळानं भाऊराव म्हणाले, "ताई, हात भरून आले माझे. ठेवू काय?"

"अजून थोडं धरा," ती म्हणाली.

भाऊरावांनी चित्र जरा वर उचलून धरलं.