काढून टाकलेले गवंडीकाका

मी यादी बोलतेय. कागदावरची नव्हे, पास्कल ह्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेल्या एका प्रोग्रामच्या पोटातली. पण मी नक्की कोण, हे मलाच अजून नीट उमगलेलं नाही. कळलं तसं सांगते.

एका डायलिसिस केंद्रात मशीन चार आणि रुग्ण तीसेक. तिथल्या सिस्टरची धाकटी जाऊ प्रोग्रामर. तिनं 'रुग्ण' नावाचा साचा केला, त्यातून एकेक रुग्ण, म्हणजे त्याची नोंद, घडवला आणि मला म्हणाली, "सांभाळ." सांभाळायचं काय, तर नुसते पत्ते! रुग्ण मेमरीत दुसरीकडेच राहायचा. तरी सगळे म्हणायचे, "यादीत आहे." आता ह्याला असणं म्हणायचं का, तुम्हीच सांगा.

ज्याची पाळी असेल त्याचा पत्ता ती 'आज' नावाच्या दुसऱ्या यादीला द्यायची आणि मला हुकूम सोडायची, 'काढून टाक.' मी पत्ता खोडायची. रुग्ण सुखरूप. दोन वर्षं बिनबोभाट चाललं.

मागच्या रविवारी तिच्या डोक्यात काय आलं कोण जाणे! काम संपलेले रुग्ण मेमरीत अडगळीसारखे पडून राहतात म्हणून तिनं माझी जातच बदलली. म्हणाली, "आजपासून तू ह्यांची मालकीण." मी हरखले की हो! पण मालकिणीला 'काढून टाक' म्हटलं, की ती नुसता पत्ता खोडत नाही, रुग्णच पुसून टाकते. हुकूम तोच, अर्थ भलताच. मला मेलीला काय ठाऊक?

सोमवारी पहिली पाळी गवंडीकाकांची. हुकूम आला, मी काढून टाकलं. पडद्यावर त्यांची जागा रिकामी दिसली आणि मशीन पुढच्या नंबरला लागलं.

खिडकीपाशी काका लेकीच्या खांद्याचा आधार घेऊन उभे. पाय सुजलेले.

"काका, तुमचं नावच नाही हो," सिस्टर म्हणाली.

"मी दिसतोय ना? मग नाही कसा?"

"ताई, रात्रभर धाप लागलीय त्यांना," लेक रडकुंडीला आली होती.

एकही मशीन चार तास सुटणार नव्हतं. सिस्टरनं काकांना ऑक्सिजन लावला आणि जावेला बोलावून घेतलं. "तुझ्या यादीनं काकांना गिळलं गं!"

धाकटीनं माझ्यावरून नजर फिरवली आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! न पुसता नुसतं 'काढून दे' म्हणायचं, ते 'काढून टाक' राहिलं!"

एका शब्दाचा फरक, धाकटीबाई! सांगायचं ना नीट! राग आला मला, आणि लाजही वाटली.

तिनं शब्द बदलला, काकांना साच्यातून पुन्हा घडवलं. पण आत सगळं कोरं. नोंदी जिथे साठवायची त्या फाइलमध्येही तोवर कोरंच उतरलं होतं. मशीन मोकळं झालं तेव्हा सिस्टर अडली. "मागच्या वेळचं वजन कुठाय? अंगातलं किती पाणी काढायचं, कसं ठरवू?"

मी आतल्या आत चाचपडत राहिले. मालकीण ना मी? मला काही म्हणता काही आठवेना.

"बासष्ट किलो चारशे," लेक पटकन म्हणाली. "त्याआधी बासष्ट दोनशे. डाव्या हाताला सुई लावा, उजव्याची शीर दुखते त्यांची."

काका मशीनवर गेले. तिन्हीसांजेला चालत बाहेर आले.

तेव्हापासून मी गोंधळलेय. त्या पोरीकडे ना साचा, ना पत्ता, तिनं बापाला ठेवलं तरी कुठे होतं? मला कळत नाही. एवढंच मागते, नावं माझ्याकडे खुशाल द्या, माणसं मात्र तुमच्याकडेच असू द्या.