शाई की काजळ

टेलरमास्तरांनी काळ्या मांजरीला मांडीवर घट्ट धरलं आणि तिच्या पाठीवर खडूने ठसठशीत फुली मारली. मांजरीने मान वळवून त्यांच्याकडे असं पाहिलं, की तीस वर्षांत बाही आखूड झालेल्या गिऱ्हाइकानेही कधी पाहिलं नसेल.

"नुसती खूण आहे, बाई," मास्तर म्हणाले. "झटकली की जाते."

करणार काय? काजळ आणि शाई एकाच वेताच्या बहिणी, दोघी शेपटापर्यंत काळ्याकुट्ट. शाईला रोज सकाळी अर्धी गोळी द्यायची, काजळला नाही. गळ्यात पट्टे घातले तर त्या एकमेकींचे चावून काढत. मास्तरांची धाकटी बहीण त्यांना चेहऱ्यावरून ओळखायची. आज चार दिवसांसाठी घर दादावर सोपवून निघताना तिने एक मांजर दादाच्या मांडीवर ठेवलं, "ही शाई, नीट बघून ठेव," असं तीनदा बजावलं आणि तरी पायरीवरून दोनदा परत आली. हवालदार या जाडजूड कुत्र्याची तेवढी तिला चिंता नव्हती. तो झोपेतसुद्धा खायचा.

"कुणाला काही झालं, तर मिळेल त्या बसने परत येईन हं, दादा."

"काही होत नाही. जा तू."

तिने जावं, असं मास्तरांना मनापासून वाटत होतं. आईच्या आजारपणाची सहा वर्षं तिने एकटीने काढली होती. दुकानाचं निमित्त सांगून मास्तर रविवारी तासभर डोकावून जात. आई गेल्यावर एकेक करून ही जनावरं घरात आली आणि धाकटी घरातच राहिली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच शाळेतल्या मैत्रिणी तिला ओढून चार दिवस समुद्रावर घेऊन गेल्या होत्या. ते चार दिवस तरी तिला पुरते मिळावेत. मास्तरांना त्या सहा वर्षांची लाज वाटायची, अजूनही वाटायची.

पहिल्या दिवशी तिचे सात फोन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुली गायब होती. दोघींनी एकमेकींना चाटूनपुसून लख्ख केलं होतं. मास्तरांनी टेप काढला. मान सारखी, छाती सारखी. शेवटी जी आपणहून पायाशी घोटाळली, तीच शाई असं धरून त्यांनी तिला गोळी भरवली. गोळी गिळून होते न होते तोच दुसरी स्वयंपाकघरातून आली, त्यांच्यासमोर बसली आणि नेहमीच्या गोळीची वाट पाहत असल्यासारखी तोंड वर करून राहिली.

अर्ध्या तासात ते दवाखान्यात होते. एका हातात दोघी मांजरींची टोपली, दुसऱ्या हातात, काही कारण नसताना, हवालदाराची साखळी.

डॉक्टरीणबाईंनी दोघींना काट्यावर ठेवलं आणि जुनी नोंद पाहिली.

"हलकी ती शाई. गोळी कुणाला दिलीत?"

मास्तरांनी जड भरलेल्या काजळकडे बोट दाखवलं.

"अर्ध्या गोळीने काही बिघडत नाही. आज जरा सुस्त राहील, एवढंच. हिची हिला द्या."

तेवढ्यात फोन वाजला.

"दादा, मागे कोण बोलतंय? कुठे आहेस तू?"

कपडे कधी मिळतील हा विषय सोडला, तर मास्तरांना खोटं बोलता येत नसे.

"दवाखान्यात."

"अगं बाई! मी निघतेच."

डॉक्टरीणबाईंनी फोन मागून घेतला. "काजळला चुकून शाईची गोळी गेलीय. मी तपासलंय, दोघी ठणठणीत आहेत. तुम्ही येऊन काय करणार? पोचेपर्यंत दोघी झोपलेल्या असतील."

"बरं," धाकटी म्हणाली. पण त्या 'बरं'मध्ये निम्मी बॅग भरून झालेली होती.

शाईवर त्यांनी दवाखान्यातच नवी फुली मारली होती. घरी येऊन मास्तर खुर्ची टाकून बसले आणि दोघींची चाल बघत राहिले. पाठमोरं गिऱ्हाईकही ते खांद्यांवरून ओळखत. तासाभराने त्यांनी मांडीवर थाप मारली. शाई चालताना डावा खांदा किंचित पाडत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बेधडक गोळी दिली आणि फोनवर हे सांगितलं.

"अय्या! मला कसं कधी दिसलं नाही?" धाकटी हसली. मग हळूच म्हणाली, "मग राहू ना मी, दादा?"

"राहा की."

त्यानंतर फोन नाही. दुपार झाली, चार वाजले. फोन बंद पडलाय की काय, म्हणून मास्तरांनी तो दोनदा पाहिला. हवालदाराला फिरवून आणलं. तिला काही झालं तर नसेल? पाच वाजता न राहवून त्यांनीच फोन लावला.

उचलला तो मैत्रिणीने. मागे लाटांचा आवाज होता आणि कुणीतरी खो खो हसत होतं, धाप लागेपर्यंत, लहान पोरीसारखं.

"ती पाण्यात आहे हो, दादा. दुपारपासून बाहेरच येत नाहीये. हसतेय ती तीच. बोलावू का?"

धाकटी इतक्या मोठ्याने हसते, हे मास्तरांना माहीतच नव्हतं.

"नको, नको," ते म्हणाले. "फक्त फोन जरा असाच चालू ठेवा."