तिसऱ्या नळाचा रंग

सकाळी ताईने टाकीत डोकावून पाहिले. जिवाणू मेले होते. फेस नाही, बुडबुडा नाही, नाकाला झोंबणारा वास तेवढा होता.

काचेपलीकडच्या बंद खोलीत तिघे जण अंतराळवारीचा सराव करत होते: वैमानिकबाई, डॉक्टर आणि ताईचा धाकटा भाऊ बारक्या. त्यांची लघवी ताई सांभाळत असलेल्या या टाकीत यायची. जिवाणू तिच्यातून रोपांसाठी खत करायचे, आणि उरलेल्या पाण्याची वाफ थंड करून ते त्यांनाच प्यायला परत दिले जायचे.

"एकमेकांचं पाणी पितो आम्ही," वैमानिकबाई स्पीकरवरून म्हणायची. "याहून सख्खं नातं कुठलं?"

टाकीच्या अलीकडे प्रत्येकाच्या लघवीच्या नळीला नमुन्याचा नळ होता. ताईने तिन्ही उघडले. पहिल्या दोन धारा पिवळ्या. तिसरी गडद नारिंगी.

हा रंग तिने घरी बाबांच्या लघवीत पाहिला होता, त्यांना क्षयाच्या, जिवाणू मारणाऱ्या गोळ्या चालू होत्या तेव्हा. आणि तिसरा नळ बारक्याचा होता.

तिने स्पीकर बंद केला आणि त्याला फोनवर घेतले.

"काय खातोयस रे तू?"

"गाजरं," तो हसला. "तुझ्याच खतावरची."

"बारक्या, बाबांचं सगळं मी केलंय. मला गाजरं नको सांगूस."

काचेआड त्याचा चेहरा पडला.

"निवडीच्या तपासण्या झाल्यावर खोकला लागला," तो हळूच म्हणाला. "गुपचूप बाहेरच्या डॉक्टरला दाखवलं. गोळ्या कपड्यांत लपवून आणल्या. दोन-तीन आठवडे घेतल्या की पसरत नाही गं."

"आत जायच्या आधी घेतल्या होत्यास तेवढे दिवस?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"यानात माझी जागा पक्की झालीय, ताई. टाकीत काय, जिवाणू पुन्हा वाढवता येतील. पाया पडतो तुझ्या, बोलू नकोस."

कडेवर खेळवलेले हे पोर क्षय घेऊन दोन माणसांबरोबर बंद हवेत बसले होते. ती मात्र रोज पाण्याचा थेंबन् थेंब तपासत होती.

तिने स्पीकर पुन्हा लावला. कुणीतरी खोकले. बारक्याचे ओठ मिटलेलेच होते.

"ठसका लागला गं, तुझ्याच पाण्याचा!" छातीवर हात ठेवून वैमानिकबाई हसली.

ताईने दाराचा लाल दांडा खाली ओढला. भोंगा वाजू लागला. बारक्याने काचेवर दोन्ही तळवे टेकले.

"बाई, डॉक्टर, तोंडाला रुमाल बांधा आणि बाहेर या," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "बारक्या, तू शेवटी."