शिखरावरचा डबा

डोंगराच्या माथ्यावर ओवो होता, दगडांची रास रचलेलं देवाचं ठाणं. तिथं बाईमाणसानं चढायचं नाही, आणि फोनला रेंज मिळायची ती नेमकी तिथंच. म्हणून खोऱ्यातल्या बायकांचे फोन बलदानच्या अंगरख्यात भरून वर जात आणि निरोप त्याच्या तोंडून खाली येत. देवानं त्याला आवाज दिला होता ढगासारखा, पण निरोप सांगायची अक्कल द्यायची तेवढी राहून गेली होती.

डुलमची लेक सरूल शहरातल्या दवाखान्यात बाळंत झाली होती. "मुलगी झाली, ठीक आहे," एवढंच तिच्या दिरानं, बलदाननं, सांगितलं. परवा म्हणाला, "बोलता बोलता रडली जरा."

"का रडली?"

"बायका रडतातच की, वहिनी!"

डुलमच्या जिवाला घोर लागला. लेकीचं काहीतरी बिनसलंय आणि ते आपल्यापर्यंत पोचत नाहीये, हे तिला पक्कं कळत होतं. घोडीचं दूध काढता काढता हात तसाच थांबायचा.

अशात तालुक्याच्या कचेरीतून अरियुना एक डबा घेऊन आली. वरची रेंज पकडून खाली खोऱ्यात सोडणारा डबा. पण तीही बाईच. सगळ्या जणी अर्ध्या चढावर थांबल्या आणि वर एकटा बलदान.

"भाऊ, डब्याचं तोंड खाली खोऱ्याकडे करा!" अरियुना ओरडली.

"ओवोकडे पाठ करून? मला काय वेड लागलंय?"

त्यानं डबा भक्तिभावानं ओवोकडे तोंड करून बसवला. खाली रेंजचा पत्ता नाही. अरियुनानं कपाळावर हात मारला. डुलमला तर वाटलं, बंदी झुगारून आपणच वर धावत जावं.

शेवटी तिच्या सासूबाई काठी टेकत पुढे आल्या. "अरे बलदान, देव कुणीकडे बघतोय रे?"

"खाली, आपल्याकडे."

"मग डबा त्याच्या शेजारी ठेव, आणि तो बघतो तिकडेच बघू दे त्यालाही. बापाशेजारी लेक बसतो तसा. आई सांगते ते तरी ऐक, मेल्या!"

बलदाननं हात जोडून क्षमा मागितली आणि डबा फिरवला. डुलमच्या हातातला फोन थरथरला. पहिल्यांदाच, खालीच, तिच्याच हातात. ती घाईघाईनं बायकांपासून लांब गेली.

"आई?" सरूलच होती. मागे बाळ टाहो फोडत होतं. "आई, छाती दगडासारखी झालीय गं. दूधच येत नाही. ही सारखी उपाशी रडते. इथल्या नर्स सगळ्या घाईत असतात. आणि बलदानकाकांना कसं सांगू?"

"एवढंच ना, बाळा?" डुलमला हसू आणि रडू एकदमच आलं. "गरम फडक्यानं शेक. थोडं हातानं पिळून काढ, मऊ पडू दे. मग लाव तिला. जमतं सगळं, तुझ्या वेळी माझंही अस्संच झालं होतं. मी आहे, फोन ठेवू नकोस."

बराच वेळ नुसतं बाळाचं रडणं ऐकू येत राहिलं. मग ते एकाएकी थांबलं. डुलमला वाटलं, गेली रेंज. तिनं फोन कानात खुपसला.

पलीकडून गुटुक, गुटुक आवाज येत होता.

ती तिथंच गवतात बसली आणि ऐकत राहिली.