दोन कामट्या कमी असलेलं डालगं

मी एक जुनं डालगं आहे, दासगावच्या श्रीपतच्या पडवीत पालथं पडलेलं. श्रीपतच्या लेकीचं, आवडीचं लग्न झालं ते १९७८ साल. त्या लग्नासाठीच वरंधच्या बुरडाकडून मला विणून घेतलं. केळीची पानं पसरून माझ्यात वाफाळता भात ओतला होता. वाढपी म्हणाले, "डालगं झकास विणलंय." मित्रांनो, माझं कौतुक झालं ते तेवढंच.

आवडी सासरी मुंबईला गेली आणि माझ्याखाली तिचं बदक झाकू लागले. शेजारच्या महरुन्निसाने दिलेलं अंडं कोंबडीखाली ठेवून आवडीने ते वाढवलं होतं. निघताना ती आईला म्हणाली, "आये, बदकाला जप." सोनाबाईने, तिच्या आईने, बदक माझ्याखाली सरकवलं.

पुढच्या वर्षी पाऊस सरत आला होता. एका संध्याकाळी बदक घरी आलं नाही. सोनाबाई सावित्री नदीच्या काठाने शोधत गेली. पुरात वाहून आलेली गंजकी काटेरी तार बांधाला अडकली होती, तिच्यात बदकाचा पाय गुंतून मोडला होता. अनवाणी चिखलात उभं राहून तिने तो सोडवला. तेव्हा तारेचा काटा तिच्या टाचेत घुसला.

बदक पदरात घेऊन ती पडवीत आली. माझ्या कडेच्या दोन कामट्या तिने मोडून काढल्या. हळद आणि खोबरेल लावलं, पायाच्या दोन्ही अंगांना कामट्या धरल्या, चिंधीने बांधलं. बोटाला राहिलेली हळद तिने स्वतःच्या टाचेला पुसली आणि चुलीकडे गेली.

श्रीपत कामावरून आला. "अगो, लंगडं पाखरू किती दिवस पोसणार? रस्सा कर त्याचा."

"आवडी बाळंतपणाला येईल, तेव्हा तिला काय हाडं दाखवू?"

"तू दवलीने रस्सा वाढ, हाडं मी दाखवतो," म्हणून तो हसला. त्याला थट्टेची सवय होती. सोनाबाईला ती थट्टा वाटली नाही.

रोज ती बदकाची चिंधी सोडायची, बोटं चाचपायची, पुन्हा बांधायची. टोपात पाणी घालून त्यात त्याला अलगद धरायची. स्वतः मात्र टाच उचलून चालू लागली होती.

महरुन्निसा कोंडा द्यायला आली, तिने ते पाहिलं. "सोनाबाय, टाच काळी पडलीय गो. महाडला दवाखान्यात जा, सुई टोचून घेऊन ये."

"जाईन गो भाभी. बदकाच्या कामट्या सुटू देत. मी एस्टीत बसले की हे इकडं चूल पेटवतील."

"माझ्याकडं ठेव."

"तुझा कुत्रा नाय का? त्याला तर रस्सापण नको, कच्चंच चालेल."

दोघी हसल्या. महरुन्निसा हसली, पण जाताना पुन्हा टाचेकडे बघून गेली.

मग एका सकाळी सोनाबाई बदकाला दाणे घालायला वाकली आणि तिला सरळ होता येईना. श्रीपतने चहा दिला, तो ओठांवरून सांडला. जबडा उघडत नव्हता. महरुन्निसाच्या नवऱ्याने, तय्यबने टेम्पो काढला. टेम्पोत निजवताना सोनाबाईने माझ्याकडे बोट केलं. श्रीपतला कळलं. "नाय कापणार गो," तो म्हणाला. "मस्करी करत होतो मी. तुला खरं वाटलं?"

तय्यबने टेम्पो महाडच्या रस्त्याला लावला.

आवडी आली ती सातव्या महिन्याचं पोट घेऊन, आईच्या मातीला. चार माणसं निघून गेल्यावर तिने मला उचललं आणि बदकाची चिंधी सोडली. हाड जुळलं होतं. बदक किंचित लंगडत अंगणात गेलं. श्रीपत दारात बसून ते बघत होता. त्यानंतर त्याने त्या घरात पाखरू कापू दिलं नाही. माझ्या कडेला जी फट पडली, तीत तो रोज संध्याकाळी बदक झाकल्यावर सोनाबाईच्या लुगड्याचा तुकडा कोंबायचा.

मित्रांनो, मुक्या जीवाला जपाच. पण त्याच्या जखमेला हळद लावताना स्वतःचा पायही उजेडात धरून बघा, आणि गंजकं लागलं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरातलं माणूस लंगडताना दिसलं, तर थट्टा थांबवून त्याला घेऊन जा.

बदक पुढे चार वर्षं जगलं. सोनाबाई १९७९ च्या ऑक्टोबरात, भात कापणीला आलं असताना, महाडला धनुर्वाताने वारली.